बोललेले पैसे

मारुतीच्या देवळासमोरचा फळा वरपासून खालपर्यंत भरला होता, आणि बद्रीनाथ त्याच्यापुढं उभा होता. नावं त्यानंच लिहिली होती, वळणदार अक्षरात. अर्जुनराव, अकरा हजार एक. आप्पा, पाचशे एक. त्याची स्वतःची आई छबुबाई, दोनशे एक्कावन्न. तळाला दुहेरी रेघ मारून बेरीज केलेली, एक लाख ऐंशी हजार. सप्ताहाचा पाचवा दिवस होता. आत पारायणाचा एकसुरी आवाज चालला होता आणि देवळामागं टँकरवाला पाइप काखेत धरून उभा होता. पैसे हातात पडल्याशिवाय तो पाइप हौदात सोडणार नव्हता. हौदाभोवती बाया घागरी घेऊन बसल्या होत्या. सगळ्या बद्रीनाथकडं बघत होत्या.

त्याच्या खिशात चारशे रुपये होते.

हे गाव दिंद्रुड या बाजारगावाच्या रस्त्यावरून आत वळलं की लागतं. त्या वर्षी चैत्रातच विहिरींचे तळ उघडे पडले होते. कापूस गेलेला, तूर गेलेली, निम्मी जनावरं छावणीत. घरं चालत होती ती दुधावर. गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध घालायचं आणि दर दहा दिवसांनी त्याचे पैसे घ्यायचे. त्या पैशाला सगळं गाव ‘पगार’ म्हणायचं. बद्रीनाथ त्या संस्थेचा सचिव होता. वय बावीस, बी.ए.चं दुसरं वर्ष झालेलं, गेल्याच वर्षी लग्न. दुधाचं माप घ्यायचं, त्याची फॅट तपासायची, दहाव्या दिवशी पगार वाटायचा, हे त्याचं काम. हनुमान जयंतीचा सप्ताह वर्षानुवर्षं गावातले म्हातारे आप्पा सांभाळायचे. पण यंदा आप्पांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेल्यासारखेच झाले, तेव्हा गावानं ठरवलं की पोरगं शिकलेलं आहे, संस्थेचं बघतं, तसं देवाचंही बघेल.

आणि बद्रीनाथनं बघितलं. जीव ओतून बघितलं.

आता सप्ताहाची वर्गणी कशी जमते ते माहीत असलेलं बरं. पहिल्या दिवशी वीणा उभी राहिली की ध्वनिक्षेपकावर पुकारा सुरू होतो. ज्याला द्यायचं तो उठतो, आकडा बोलतो, त्याच्या कपाळी बुक्का लागतो, हातात नारळ पडतो आणि फळ्यावर नाव चढतं. देवापुढं बोललेलं कोणी बुडवत नाही. फक्त कोणी कापूस विकल्यावर देतो, कोणी उसाचं बिल निघाल्यावर, कोणी दिवाळीला, कोणी पुढच्या सप्ताहाच्या आदल्या दिवशी. तोवर दिंद्रुडचा दुकानदार आप्पांच्या शब्दावर पोती देत राहायचा. दुष्काळात बोलताना लोकांचा आवाज कमी झाला नाही. उलट वाढला. हातात काही नसलं की माणूस देवापुढं मोठ्यानं बोलतो.

फळ्यावरचा आकडा जसा वाढला तसा बद्रीनाथचा मंडप वाढला. आधी साधं पाल ठरलं होतं, त्याला झालरी आल्या. मग दिव्यांच्या माळा, मग दोन जादा कर्णे. नगरकडचे मोठे महाराज ठरले, त्यांच्यासोबत टाळकऱ्यांची वेगळी गाडी. रोजच्या पंगतीत गोड. प्रत्येक खर्च तो फळ्यावरच्या बेरजेतून वजा करायचा आणि उरलेला आकडा बघून त्याला समाधान वाटायचं. वजाबाकी एकदाही चुकली नाही.

जे पैसे खरोखर हातात आले ते साठ हजार होते, आणि चौथ्या दिवशी ते संपले. दुकानदारानं यंदा सगळ्या गावांची उधारी बंद केली होती.

त्याची बायको शिवकन्या सैपाकाच्या बायांत असायची. तिनं आदल्या दिवशीच भाजी निवडता निवडता त्याला चिमटा काढला होता.

“अवं, तुमच्या फळ्यावरच्या पैशानं मी मीठ आणाया गेलते. दुकानदार म्हणला, फळा घेऊन ये, मंग देतो.”

बाया खो खो हसल्या होत्या. तोही हसला होता.

टँकरवाल्यानं पाइप काखेतून काढून खांद्यावर घेतला, म्हणजे तो निघायच्या बेतात होता. बद्रीनाथ संस्थेकडं चालायला लागला. बँकेला जोडून सुट्ट्या आल्या होत्या, म्हणून सोमवारच्या पगाराची रक्कम त्यानं बुधवारीच काढून संस्थेच्या लोखंडी कपाटात ठेवली होती. नव्वद हजार, साठ घरांचे. आज अर्जुनराव देतील, ते इथं ठेवू, असं त्यानं मनाशी म्हटलं. मग त्यानं कुलूप उघडलं.

पाणी हौदात पडलं. बायांनी त्याला दुवा दिला.

शुक्रवारी किराणा आणि मंडपवाला, शनिवारी महाराजांची बिदागी आणि पुन्हा टँकर. शनिवारी दुपारपर्यंत कपाटातले अडतीस हजार गेले होते. रात्री झोप नव्हतीच, आता दिवसाही त्याला भास व्हायला लागले. संस्थेच्या दारावरून कोणी गेलं की वाटायचं, आत बघतंय. कोणी मागून हाक मारली की मान आखडायची. सोमवार जवळ येत होता आणि त्याच्या डोळ्यापुढं एकच चित्र होतं. साठ घरांची माणसं रांगेत उभी आहेत, तो एकेकाला देतोय, आणि मध्येच त्याचा हात रिकाम्या फळीवर पडतो.

त्यानं बोललेले पैसे मागून बघितले नाहीत असं नाही. अर्जुनराव संस्थेचे चेअरमन, गावातलं मोठं खटलं. त्यांच्या ओट्यावर तो तासभर बसला. अर्जुनरावांनी चहा पाजला, मंडपाचं कौतुक केलं, कारखान्यानं गेल्या हंगामाचं बिल अजून दिलं नाही म्हणून कारखान्याला शिव्या घातल्या. शेवटी बद्रीनाथनं अडखळत विषय काढला. अर्जुनराव रागावले नाहीत. त्यांनाच नवल वाटलं.

“मी बोललो म्हंजे देणारच की. पर कवा, ते कुठं बोललो?”

तिथून तो आप्पांकडं गेला. आप्पा बाजेवर बसून टाळाची दोरी चाचपत गाठ मारत होते. पैसे आले नाहीत एवढंच त्यानं सांगितलं, कपाटाचं सांगायला जीभ वळली नाही. आप्पा दात नसलेल्या तोंडानं हसले. माझे पाचशे तर दोन सालाचे राहिलेत म्हणाले, हे तिसरं. मग बद्रीनाथनं विचारलं, इतकी वर्षं तुम्ही फळ्यावरून सप्ताह कसा पार पाडलात?

“फळ्यावरून?” आप्पा म्हणाले. “लेकरा, डोळे माझे आत्ता गेले, पर फळा मला पैल्यापासूनच दिसत नव्हता. कोठीत काय हाय, तेवढंच चाचपायचो. दोन पोती असली तर दोन पोत्यांचा सप्ताह.”

“मंग तुमी मला सांगितलं कावून न्हाई?”

“तू इचारलंस कवा?”

एवढं बोलून आप्पा पुन्हा गाठीला लागले. बद्रीनाथ उठला आणि देवळाकडं निघाला.

शनिवारी संध्याकाळी महाराजांनी मारुतीचं आख्यान लावलं. मंडप खच्चून भरला होता. पखवाज असा बोलत होता की पाठीचा कणा ताठ व्हावा, आणि टाळकरी पावली खेळताना धूळ उडत होती. पाणी नाही, चारा नाही, पण दोन तास कोणाला त्याची आठवण नव्हती. कीर्तनाचं हे देणं मोठं आहे. बद्रीनाथ मात्र खांबाला टेकून उभा होता आणि टाळाचा प्रत्येक ठोका त्याला कपाटाच्या दारावर पडल्यासारखा वाटत होता.

महाराज अंगठीवर आले. रामानं मारुतीजवळ अंगठी दिली, सीतामाईला दाखवायला. “आता बघा,” महाराज आवाज खाली आणत म्हणाले, “एवढा समुद्र. वाटेत राक्षसिणी, वाटेत डोंगर. हातात सोन्याची अंगठी, आणि ती बी रामाची. आपल्यासारखा असता तर म्हणला असता, वाटंपुरती बोटात घालतो, पोचल्यावर काढतो. कोण बघतंय?” लोक हसले. महाराज थांबले. “मारुतीनं ती एकदाबी बोटात घातली न्हाई. कावून? ती त्याची नव्हती. पोचवायची होती.”

मंडपात ‘रामकृष्ण हरी’चा गजर उठला. बद्रीनाथ गर्दीतून वाट काढत बाहेर आला, आणि बाभळीखाली ओकला.

रविवारी काल्याचं कीर्तन. पाच गावचे लोक येणार, आणि काल्याला बुंदीची पंगत आधीच जाहीर केलेली. सकाळी आचारी कढया मांडून बसला. साखर, तेल, बेसन, सगळं मिळून पंचवीस हजार. गाडी दिंद्रुडला पाठवायची, रोख घेऊन. आचाऱ्यानं हात पुढं केला. बद्रीनाथ आणतो म्हणाला आणि निघाला.

संस्थेच्या पायरीवर गीताबाई बसली होती. नवरा नाही, लेक पुण्याकडं कुठं तरी, आणि घरात एक गाय. त्या गाईच्या सहा-सात लिटरवर तिचं चाललं होतं.

“बद्रीनाथ, बाबा, उद्या पगार हाय न्हवं?”

तो हो म्हणाला.

ती सांगत राहिली. कडबा परवाच संपला. छावणीत जागा नाही. शेजारणीकडून दोन दिवस पेंढ्या उसन्या आणल्या, आज शेजारणीनं हात जोडले. व्यापारी दोनदा येऊन गेला. गाईचे दात बघून, पाठीवर थाप मारून, खाटकानं बोलावा तसा भाव बोलून गेला. उद्या पगार झाला तर ती कडबा घेणार होती. नाही झाला तर मंगळवारच्या बाजारात गाय.

“ती मला बघून हंबरती रं,” गीताबाई म्हणाली. “म्हून मी इथं येऊन बसले.”

बद्रीनाथनं दार उघडलं. गीताबाई त्याच्या मागोमाग आत आली, पाणी प्यायला. त्याला तिला बाहेर घालवता आलं नाही. त्यानं कपाट उघडलं. फळीवर उरलेल्या नोटांची चळत होती. गीताबाईनं ती बघितली आणि देवघरापुढं जोडावेत तसे हात जोडले.

“असू दे, असू दे. बघितलं, जिवात जीव आला.”

आणि ती निघून गेली. घरी, गाईकडं.

बद्रीनाथचा हात नोटांवर तसाच राहिला. पंचवीस काढले तर सत्तावीस उरणार होते, साठ घरांना. आजवर त्याला भीती होती ती सापडण्याची. आता दुसरीच भीती वाटली, आणि ती पहिलीपेक्षा थंड होती. त्याला वाटलं की आपण हे पैसे उचलू शकतो. हात उचलतोय. थांबवणारं इथं कोणी नाही.

त्यानं कपाट लावून घेतलं आणि किल्ली हातात घट्ट धरून पळतच सैपाकाच्या जागी आला. शिवकन्येला बाजूला बोलावून सगळं सांगितलं. तिच्या हाताला पीठ होतं. ऐकताना तिचा चेहरा पिठासारखाच झाला.

“आईंना ठावं हाय?”

“न्हाई.”

“अजून कोनाला?”

“तुलाच.”

तिनं हात झटकले. “आत्ता काय हाय आपल्याजवळ, ते सांगा. फळ्यावरचं नगं. कोठीतलं.”

त्यानं आठवून सांगितलं. दीड पोतं गव्हाचं पीठ. डाळीचं अर्धं पोतं. गुळाच्या दोन ढेपी. तेल तळाला. सांगताना त्याच्या लक्षात आलं की सात दिवसांत हे आपण पहिल्यांदाच मोजतोय. मोजल्यावर ते भयंकर थोडं होतं, पण ते किती होतं हे तरी कळलं.

“पाच गावचं मानूस पंगतीतून उपाशी उठलं तर गाव कुठं तोंड दावणार?” तो म्हणाला.

“काला म्हंजे तरी काय वो? गोपाळांनी आपापली शिदोरी सोडली आन एकात कालवली. किस्नानं आचारी बोलावला होता का?” ती हसली नाही. “माईकवर सांगा, ज्यानं त्यानं घरचं आणा. आन कपाटाचंबी सांगा. आजच. उद्या रांगेत कळलं तर चोर म्हंतील.”

“आज बी चोरच म्हंतील.”

“म्हंतील,” शिवकन्या म्हणाली. “पर आज तुमी सांगितलेलं असल.”

कीर्तनाला उभं राहण्याआधी महाराज पाणी पीत होते. बद्रीनाथनं जाऊन ध्वनिक्षेपक हातात घेतला. मंडपात हजारावर माणूस होतं. पहिल्या रांगेत अर्जुनराव, बाजूला आप्पा, बायांत त्याची आई. त्याला आपला आवाज कर्ण्यातून परत ऐकू आला आणि तो दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

मायबापहो, आज बुंदी नाही, असं त्यानं सांगितलं. ज्याच्या घरी जे असेल, भाकरी, चटणी, ताक, ते काल्याला घेऊन यावं. लोकांत कुजबुज झाली. मग तो दुसरं बोलला. “दुधाच्या पगाराचे अडतीस हजार मी सप्ताहाला लावले. कोनाला न इचारता. फळ्यावर बोललेले पैसे आलेत असं धरून मी खर्च केला. आलेले नव्हते. उद्याच्या पगाराला तेवढे कमी हायेत.”

छबुबाईनं पदर तोंडाला लावला. मागून बंकट उठला. चार गाई आणि थोडी मेंढरं असलेला, अंगानं दांडगा माणूस. तो बायांतून वाट काढत पुढं आला आणि त्यानं बद्रीनाथची गचांडी धरली.

“बे बद्र्या, माझं दूध इकून तू ह्या झालरी लावल्या व्हय?”

बद्रीनाथनं मान हलवली. हो म्हणाला. बंकटचा हात वर गेला. तो मारणार हे सगळ्यांना दिसलं, आणि कोणी उठलं नाही. बद्रीनाथनं डोळे मिटले. पण हात खाली आला नाही. बंकटनं त्याला ढकलून दिलं, तो वीणेजवळ जाऊन पडला.

अर्जुनराव उभे राहिले. पोलिसात द्यायचं का संस्थेची सभा बोलवायची यावर ते बोलायला लागले, तर आप्पांनी काठी आपटली. कोणाच्या तरी खांद्याला धरून ते फळ्याजवळ गेले. हातानं फळा चाचपला. उपरण्यानं त्यांनी तो पुसायला सुरुवात केली, आणि दिसत नसल्यामुळं कोपऱ्यातली काही नावं तशीच राहिली.

“अर्जुना, तुझं बी पुसलं, माझं बी पुसलं,” आप्पा म्हणाले. “पोरानं चोरी केली ती त्याच्या पदरी. पर आपून सगळ्यांनी मिळून त्याला खोटा आकडा दिला. आता ज्याच्या खिशात आत्ता हाय, त्यानं ताटात टाका. न्हाई त्यानं टाकू नगा. बोलू तर बिलकूल नगा.”

ताट फिरलं. पुकारा नव्हता, नारळ नव्हता. दहाच्या, वीसच्या, चुरगळलेल्या नोटा. अर्जुनरावांनी बंडीच्या आतल्या खिशातून दोन हजार काढून टाकले. महाराजांनी बिदागीतलं निम्मं परत ठेवलं, आणि डिझेलपुरतं ठेवून घेतोय असं लाजत सांगितलं. बंकटनं काही टाकलं नाही. सगळे मिळून सतरा हजार झाले. मग कीर्तन झालं, काला फुटला. भाकरी, ताक, लोणचं, कोणाच्या घरचा शिळा भात, सगळं एका परातीत. बद्रीनाथच्या हातावर कोणी तरी तो प्रसाद ठेवला. त्याला तो गिळवेना, पण त्यानं गिळला.

दुपारी त्यानं आपली मोटारसायकल दिंद्रुडला नेऊन बारा हजाराला विकली आणि परत जीपच्या मागं उभ्यानं आला. रात्री शिवकन्येसोबत बसून त्यानं साठ घरं पुन्हा लावली. यावेळी जवळ होते तेवढ्याच पैशातून. एक जनावर असलेली घरं आधी, पूर्ण. मग दोनवाली. अर्जुनरावांसारखी मोठी घरं शेवटी. नऊ हजार कमी पडणार होते आणि कोणाला कमी पडणार हेही आधीच कळत होतं.

सोमवारी सकाळी रांग लागली. रांगेत नेहमीच्या गप्पा नव्हत्या. अर्जुनरावांनी सांगून ठेवलं होतं की आजच्यानंतर किल्ली त्यांच्याकडं, आणि महिनाअखेरीस सभा. बद्रीनाथ एकेक नाव घेत होता, पैसे मोजून देत होता, आणि प्रत्येक वेळी फळीवरची चळत किती राहिली ते बघत होता. गीताबाई चौथी होती. तिनं नोटा पदराच्या गाठीत बांधल्या आणि त्याच्याकडं न बघता कडब्याच्या गाडीकडं गेली.

शेवटची नोट गेली तेव्हा दारात तिघं उरले होते. अर्जुनराव, त्यांचा चुलत भाऊ, आणि बंकट. बद्रीनाथनं कपाटाचं दार पूर्ण उघडं ठेवलं, आतली रिकामी फळी त्यांना दिसावी म्हणून. अर्जुनराव वळले, भाऊ त्यांच्या मागं गेला. बंकट हलला नाही.

“माझे कवा?” तो म्हणाला.

बद्रीनाथच्या तोंडावर ‘उद्या’ आलं. ‘पुढच्या पगाराला’ आलं. बंकटच्या मुठीकडं बघताना दोन्ही अगदी ओठावर आलं. कुठलंही एक बोललं असतं तर बंकट तेवढ्यापुरता गेला असता.

“म्हाईत न्हाई,” तो म्हणाला. “घरची म्हस इकायला काढली हाय. गिऱ्हाईक आलं, पैसे हातात पडले, की त्या घडीला मी तुमच्या दारात येतो. तारीख मी बोलणार न्हाई.”

बाहेर रिकामे कॅन एकमेकांवर आपटत कोणी तरी सायकलवरून गेलं. मग बंकट संस्थेच्या पायरीवर बसला, डोक्याचं मुंडासं सोडून मांडीवर घेतलं, आणि म्हणाला, “किती लिटर देती म्हस? चल, दाव मला.”